मये आणि मयडे

चित्रांचे प्रदर्शन पाहावयास म्हणून आम्ही सहा माणसे एके दिवशी मयेहून पणजीस गेलो आणि दिवेलागणीच्या सुमारास हिरमुसल्या तोंडांनी परत आलो. एवढ्याशा गोष्टीत लिहिण्याजोगे काय आहे, असे वाचकांपैकी कोणास वाटणे स्वाभाविक आहे. प्रथम मलाही तसेच वाटले होते. परंतु तो दिवस मनातून जाईना. आणि त्याचे निमित्त होऊन आमच्या घरात एक काम सुरू झाले. ते काम आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी व्हावयास हवे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आयुष्यभर प्राथमिक शाळेत मास्तर होते. आता वय वर्षे एक्याऐंशी. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांना कधी मिळाले नाही. पणजीत कला महाविद्यालय निघाले ते १९७२ साली. तोवर अण्णांच्या गळ्यात नोकरी आणि धाकट्या भावंडांचा संसार येऊन पडला होता. त्यांचे गुरू म्हणजे दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि भिंतीवरची कॅलेंडरे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे दोघेही गोमंतकीय, आणि मुळगावकरांचे तर आडनावच आमच्या शेजारच्या मुळगावचे, याचा अण्णांना केवढा अभिमान! जुन्या कॅलेंडरावर शिसपेन्सिलीने बारीक चौकोन आखून त्यांनी कितीतरी राधा-कृष्ण उतरवून काढले. पुढे नक्कल सुटली आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल ते रंगवू लागले.

शिवाय चित्रशाळा होतीच. आमच्या गोव्यात मातीचे गणपती जेथे घडतात त्या जागेस चित्रशाळा म्हणतात. वर्षातले दहा महिने ती एखाद्याच्या घराची साधी पडवी असते. आषाढ लागला की तेथे चिकणमातीचे गोळे येतात आणि पडवीची चित्रशाळा होते. मयेच्या कुंभारवाड्यावरील अशा एका चित्रशाळेत अण्णांच्या श्रावणातील संध्याकाळी जात. मूर्ती घडविणे मूर्तिकारांचे, परंतु डोळ्यांची आखणी अण्णांची. "मास्तरांनी आखलेला गणपती आपल्याकडे बघतो," असे लोक म्हणत, आणि चतुर्थीच्या दिवशी डोक्यावर पाट घेऊन मूर्ती नेताना दोघातिघांनी तरी हे म्हटल्याशिवाय अण्णांना गोड लागत नसे.

त्यांचे एक जलरंगातील चित्र आमच्या माजघरात कित्येक वर्षे होते. १९८६ च्या भाद्रपदात काढलेले. मयेचे तळे, भोवतालच्या डोंगरांची हिरवी ओंजळ, पहाटेच्या पावसानंतर पाण्यावरून उठणारी वाफ, बांधावरून जाणारी एक पाठमोरी स्त्री आणि तिच्या डोक्यावर माटोळीच्या रानफळांची पाटी. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फळाफुलांनी सजविलेले छत. त्या पाटीतून लोंबणारा कांगलांचा तांबडा झुबका हाच काय तो चित्रातला भडक रंग. बाकी सारे ओले, निवळ आणि शांत. ती पाठमोरी स्त्री म्हणजे आमची आजी, हे घरच्यांशिवाय कोणास ठाऊक नाही.

मयेचे तळे आज पुष्कळांना ठाऊक आहे. सहलीच्या बसगाड्या येतात, पायडलच्या होड्या फिरतात, आणि २०१८ साली कमरेला दोर बांधून उंचावरून उडी घेण्याचा एक साहसी खेळही तळ्याकाठी सुरू झाला. पण आम्हां मयेकरांच्या लेखी तळे म्हणजे प्रथम पाणी. पाऊस सरल्यावर त्या पाण्यावर वायंगण शेती उभी राहावयाची. त्या बांधावरून शेताकडे, देवळाकडे, शाळेकडे जावयाचे. अण्णांच्या चित्रातले तळे हे असे वापरातले तळे होते.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने त्या चित्राचे छायाचित्र काढून पणजीतील एका प्रदर्शनाच्या संयोजकांकडे पाठविले. गोव्यातील गावांची चित्रे मांडावयाची आणि त्यांच्या जोडीला जुन्या गोमंतकीय चित्रकारांच्या कृती, अशी योजना होती. चित्र निवडले गेल्याचे पत्र आले. अण्णांनी ते पत्र दोनदा वाचले, घडी करून पंचांगात ठेवले आणि "बरे झाले" एवढेच म्हणाले. परंतु दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्म्याची काडी दुरुस्त करून आणली, यावरून काय ते आम्ही ओळखले.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो: अण्णा, आई, मी, माझी पत्नी, मुलगी आणि चित्रशाळेचे मूर्तिकार काका. डिचोलीहून मोठ्या रस्त्याने जाणे सोयीचे होते. परंतु अण्णांनी नार्व्यावरून, फेरीने जाऊ या असा आग्रह धरला. त्यांच्या लहानपणी या फेरीबोटीस गॅसोलिन म्हणत, आणि अजूनही त्यांच्या तोंडी तोच शब्द येतो. नार्व्याच्या धक्क्यावर गाडी फेरीत चढली. मांडवीचे पाणी भरतीने फुगले होते. काठच्या खारफुटीत एक बगळा निश्चल उभा होता, आणि अण्णा त्याच्याकडे, मुलगी अण्णांकडे पाहत होती.

पैलतीरी दिवाडी बेट. तेथेही धक्क्याच्या परिसरास नार्वे हेच नाव आहे, याचे नवख्या माणसास नवल वाटते. त्याची कथा अण्णांनी नातीला सांगितली. सप्तकोटेश्वराचे मूळ देवस्थान दिवाडीवरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते उद्ध्वस्त केले, तेव्हा देव नदी ओलांडून अलीकडे डिचोलीच्या मुलखात आला. आणि देवाबरोबर आलेल्या माणसांनी गावाचे नावही सोबत आणले असे म्हणतात. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी अलीकडच्या नार्व्यात मंदिराचा जीर्णोद्धार केला. "म्हणजे देवळाला जागा मिळाली नाही तरी नाव मिळाले," असे मुलगी म्हणाली. अण्णा हसले. संध्याकाळी हे वाक्य आम्हांस पुन्हा आठवणार आहे, हे तेव्हा कोणास ठाऊक!

दिवाडीची शेते, पिएदादच्या टेकडीवरील चर्च, मग दुसरी फेरी, जुने गोवे, रायबंदर आणि १६३४ साली बांधलेला तो लांबलचक दगडी पूल ओलांडून आम्ही पणजीत पोहोचलो. वाटेत अण्णांनी नातीस पाठ दिल्याप्रमाणे सांगितले: आंतोनियु शाव्हियेर त्रिंदाद हे १८७० साली गोव्यात जन्मले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तेथेच शिकवू लागले. व्यक्तिचित्रांत त्यांचा हातखंडा. आंजेलु द फॉन्सेका हे जुवे बेटावरचे; शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांपाशी शिकले आणि त्यांनी मेरीमातेला लुगडे नेसवून आपल्याकडच्या बाईसारखी रंगविली; त्यापायी टीकाही सोसली. "या दोघांची मूळ चित्रे आज पाहावयास मिळतील," असे अण्णा म्हणाले, तेव्हा स्वतःचे चित्र त्याच छताखाली असल्याचा उल्लेख त्यांनी केला नाही. पण आवाजात तो होता.

उद्घाटन दहा वाजता होते. प्रमुख पाहुणे साडेअकराला आले. तोवर आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून मंचावरील फुलांची सजावट पाहिली. मग समई पेटली, शाली झाल्या, श्रीफळे झाली, आणि चार भाषणांपैकी तिघांनी कला ही समाजाचा आरसा असल्याचे सांगितले. चौथ्यांनी वेळ थोडा असल्याचे सांगून अर्धा तास घेतला. आईने पिशवीतला चपाती-भाजीचा डबा दोनदा चाचपून पाहिला. आम्हां गावाकडच्या माणसांना या सर्वांची सवय असते. लग्नातही मुहूर्ताची वाट पाहावीच लागते. चित्रे पाहावयाची आहेत या आनंदापुढे त्याचे काही वाटले नाही.

दालनात शिरलो आणि निराशेस आरंभ झाला. त्रिंदाद आणि फॉन्सेका यांची मूळ चित्रे नव्हतीच. प्लॅस्टिकच्या कापडावर मोठ्या केलेल्या त्यांच्या छापील प्रती होत्या. प्रती करण्यास हरकत नाही, आम्ही सारे प्रतींवरच वाढलो; परंतु त्या ताणून मोठ्या केल्यामुळे चेहरे पसरट झाले होते आणि रंगांवर दिव्यांची चमक पडून निम्मे चित्र दिसत नव्हते. काकांनी एका चेहऱ्यापुढे उभे राहून मान हलविली. "डोळा सुटलाय," एवढेच ते म्हणाले. मूर्तिकाराच्या भाषेत याहून कठोर शब्द नाही.

गावांची चित्रे म्हणून जी मांडली होती त्यांत समुद्रकिनारे पुष्कळ, माड त्याहून पुष्कळ, आणि बाल्कांव असलेली रंगीत घरे भिंतभर. किनाऱ्यावरची गावे ही गावेच आहेत, त्याविषयी आमची तक्रार नाही. परंतु सत्तरीचे रान, पेडण्याची भातशेती, डिचोलीच्या खाणींनी तांबडे झालेले रस्ते, देवळांच्या भिंतींवर चुना आणि तांबड्या मातीने काढलेली कावी चित्रे, यांतले काही शोधू गेल्यास हाती फारसे लागेना. पर्यटकास दिसणारा गोवा आणि माणसे राहतात तो गोवा यांत डोंगराएवढे अंतर आहे. त्या दालनात पहिल्याचाच बाजार होता.

आणि अण्णांचे चित्र? ते मुख्य दालनात नव्हते. शोधता शोधता मुलीला सापडले. चहाच्या टेबलाकडे जाणाऱ्या बोळात, पंख्यांच्या बटनांशेजारी, किंचित डावीकडे कलते टांगलेले. पुढे रिकाम्या खुर्च्यांची चळत असल्यामुळे तळ्याचा खालचा भाग झाकला होता. काकांनी काही न बोलता खुर्च्या बाजूस केल्या आणि चौकट सरळ केली. मग आम्ही सारे खालची चिठ्ठी वाचू लागलो. अण्णांचे नाव अचूक होते. माध्यम 'तैलरंग' लिहिले होते. आणि शीर्षक होते: 'मयडे येथील तळे'.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मयडे हे बार्देशातले गाव, केळ्यांसाठी नावाजलेले. मये डिचोलीतले. दोन्ही सुरेख गावे. पण एकाचे दुसऱ्याशी काही नाते नाही. तेवढ्यात चहाचा पेला हाती घेतलेले एक गृहस्थ चित्रापाशी थांबले, चिठ्ठी वाचली आणि आपल्या सोबत्यास म्हणाले, "मी मयड्याचाच, पण हे तळे आमच्याकडे कुठे आहे बुवा?" चित्रकार त्यांच्या मागे हातभर अंतरावर उभा होता. तो काही बोलला नाही.

मी संयोजकांच्या टेबलाशी गेलो. तेथे बसलेल्या तरुणीने माझे म्हणणे नम्रपणे ऐकून घेतले आणि यादी चाळून म्हणाली, "मये की मयडे, ते एकच ना?" तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. आमच्या गावांच्या नावांची दशा आजची नाही. पोर्तुगिजांनी ती रोमन लिपीत लिहिताना शेवटच्या अनुनासिक उच्चारासाठी 'म' हे अक्षर योजले, आणि वाचणाऱ्यांनी तो 'म' खणखणीत उच्चारला; त्यामुळे मयेचे 'मायेम' झाले, पेडण्याचे 'पेर्नेम' झाले, आणि डिचोलीचे 'बिचोलिम' होताना तर पहिले अक्षरही गेले. चिठ्ठ्या छापून आल्या आहेत, उद्या बदलू, असे आश्वासन तिने दिले. प्रदर्शन तीन दिवसांचे होते. चिठ्ठी बदलली गेली नाही, हे भाच्याने तिसऱ्या दिवशी जाऊन पाहिले.

मुलीने दप्तरातले पेन काढले. "आजोबा, मी खोडून 'मये' लिहू?" अण्णांनी तिचा हात धरला. "दुसऱ्याच्या भिंतीवर आपण लिहू नये," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, कोणी विचारले नसताना, "माझे नाव चुकले असते तर मी हसलो असतो. मास्तराचे नाव पुष्कळ ठिकाणी चुकते. गावाचे चुकायला नको होते."

हे त्यांनी का म्हटले ते समजण्यास मयेचा इतिहास थोडा ठाऊक हवा. आमच्या गावची बहुतांश जमीन 'मयेचा काउंट' म्हणविणाऱ्या पोर्तुगीज जमीनदाराच्या नावे होती. १९६१ साली गोवा मुक्त झाला, मालक परदेशी गेले, आणि त्यांची मालमत्ता स्थलांतरितांची मालमत्ता ठरली. १९६४ च्या कायद्याने तिचा कारभार सरकारी कस्टोडियनकडे आला. देश स्वतंत्र, गोवा मुक्त, पण मयेकर मात्र पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या शेतात आणि वाडवडिलांनी बांधलेल्या घरात पाहुण्यासारखे राहिले. एक-चौदाचा उतारा काढावा तर त्यावर आपले नाव नाही. हा प्रश्न सोडविण्यासाठी कायदा झाला तो २०१४ साली, म्हणजे मुक्तीनंतर अर्धशतक उलटल्यावर. त्यानंतर टप्प्याटप्प्याने सनदा हाती येऊ लागल्या. कागदावर बरोबर नाव असणे म्हणजे काय, हे मयेच्या माणसास निराळे शिकवावे लागत नाही. अण्णांचे अर्धे आयुष्य त्या नावाची वाट पाहण्यात गेले. त्यांनी आपल्या हाताने गावाचे एक चित्र काढले, ते राजधानीत भिंतीवर लागले, आणि त्याच्या खाली दुसऱ्याच गावाचे नाव आले.

फेरीला अवकाश होता. अण्णा म्हणाले, "मिनेझिस ब्रागांझा संस्थेत डोकावून जाऊ." आझाद मैदानाजवळच्या त्या इमारतीच्या प्रवेशदालनात निळ्या फरश्यांची भित्तिचित्रे आहेत. जॉर्ज कोलासु या पोर्तुगीज चित्रकाराने कामोंइशच्या 'लुझियाद' या महाकाव्यातील प्रसंग त्यांवर रंगविले: वास्को द गामाची जहाजे, दरबार, ध्वज. काम अप्रतिम आहे. अण्णांनी चष्मा पुसून फरशीच्या सांध्यांपर्यंत ते न्याहाळले. "भट्टीत भाजलेला रंग," काका म्हणाले, "शंभर वर्षे हलत नाही." काकांना त्यात फक्त कारागिरी दिसली आणि त्यांनी मनापासून दाद दिली. माझ्या मनात मात्र आले, की जिंकावयास आलेल्यांनी आपली कहाणी भाजून पक्की करून ठेवली. आणि आमची नावे आम्ही अजून कागदाच्या चिठ्ठीवर, तीही दुसऱ्यास लिहावयास सांगतो.

परतीच्या फेरीत कोणी फारसे बोलले नाही. नार्व्यास उतरल्यावर सप्तकोटेश्वराच्या दर्शनास थांबलो. अलीकडेच दुरुस्ती होऊन २०२३ च्या फेब्रुवारीत हे मंदिर भाविकांसाठी पुन्हा खुले झाले. दीपमाळेपाशी संध्याकाळ उतरत होती. मुलगी हळूच म्हणाली, "आजोबा, यांनी नाव सोबत आणले म्हणून बरे." अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दिवसभरात प्रथमच त्यांचा चेहरा सैल झाला.

आठवड्याने चित्र परत आले. चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. अण्णांनी ती सावकाश सोडविली आणि पत्राशेजारी पंचांगात ठेवली, फेकली नाही. मग चौकटीतून चित्र काढून, पालथे घालून, मऊ शिसपेन्सिलीने पाठीमागे लिहिले: मये, तळ्याचा पूर्वेकडील बांध, भाद्रपद, १९८६, जलरंग. क्षणभर थांबून खाली आजीचे नाव लिहिले. बॉलपेनची शाई कागदातून पुढे उमटते आणि काळाने चित्र खाते. शिसपेन्सिलीने, दाब न देता लिहावे, हे त्यांनी नातीस सांगितले.

त्या दिवसापासून आजोबा आणि नात यांचा हा रविवारचा उद्योग आहे. ट्रंकेतील चित्रे झाली. आता लग्नामुंजीचे फोटो सुरू आहेत. कोण, कोणाची, कोणत्या वाड्यावर, कोणत्या साली. आईला आठवते ते अण्णांना आठवत नाही, अण्णांना आठवते ते काकांना ताडून पाहावे लागते. एकेका फोटोपायी दुपार जाते. परवा एका छायाचित्रातील मुंडावळ्या बांधलेला तरुण कोण यावर तिघांचे एकमत होईना. शेवटी मुलीने पाठीमागे लिहिले: 'ओळख पटली नाही, मये, महामायेच्या देवळापुढे'. माणूस हरवला, तरी गाव राहिले.

आपल्या प्रत्येकाच्या घरी अशी ट्रंक असते. त्यातील माणसांची नावे सांगू शकणारी माणसे अजून आपल्यांत आहेत, ती आहेत तोवर पेन्सिल उचलावी, एवढीच विनंती. प्रदर्शन फसले खरे. पण अण्णांचे चित्र आता पुन्हा माजघरात आहे. आणि दिवा लावताना आई त्याच्याकडे पाहून सासूबाईंना नमस्कार करते, हे मला या वयात प्रथमच लक्षात आले.